कागदाला एक रात्र

भोपाळ
रविवार, १२ जानेवारी १९५८

तीर्थरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे सहा तारखेचे पत्र नऊला पोचले. उत्तर आज, म्हणजे तीन दिवस उशिरा. तुम्ही आलेल्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘पोचले, ता. अमुक’ असे लिहिता आणि त्याच दिवशी उत्तर टाकता. ‘आजचा कागद आज’ हा तुमचा मंत्र मी बाविसाव्या वर्षापासून पाठ केला आहे, तेव्हा या तीन दिवसांबद्दल कान धरते.

तुम्ही विचारलेत म्हणून इथले हाल लिहिते. नळाला पाणी सकाळी एकच तास येते. क्वार्टर म्हणजे एक खोली, मागे स्वयंपाकापुरती जागा आणि पुढे दोन पावलांचा ओटा. राजधानी भोपाळला हलवताना सरकारने नागपूरहून माणसे आधी आणली आणि घरे नंतर बांधायला घेतली, त्यामुळे माझ्यासारख्या एकटीला एवढे मिळाले हे नशीबच म्हणायचे. रस्त्यावर खडीचे ढीग आहेत, ते कोणीतरी कधीतरी पसरेल. बाजार लांब आहे, थंडी बोचरी आहे. ऑफिसात काही लोक ग्वाल्हेर-इंदूरचे, काही रीव्याचे, काही जुन्या भोपाळ संस्थानचे आणि उरलेले आम्ही नागपूरचे. फाइल कशी बांधावी हे आपल्याच गावाला ठाऊक आहे असे प्रत्येकाला वाटते, आणि सव्वा वर्ष झाले तरी त्यावरचे वाद मिटलेले नाहीत.

शेजारी देशकरांचे बिऱ्हाड आहे, वर्ध्याकडचे. मिस्टर ओव्हरसियर आहेत, बरखेड्याकडे कारखान्याची वसाहत बांधताहेत तिकडे दिवसभर असतात. त्यांच्या नलिनीबाई रोज संध्याकाळी मधल्या भिंतीवर थाप मारून विचारतात, “एकट्याच बसून राहिल्या का हो? या नं इकडे.” मी आठवड्यातून एकदा जाते. बाकीचे दिवस डोके दुखते म्हणून सांगते. परवा त्यांनी अमृतांजनाची बाटलीच पाठवून दिली.

वहिनींनी विचारले आहे की भांडीकुंडी काय काय घेतलीस. त्यांना सांगा: ताट एक, वाटी एक, पेला एक, पातेली दोन आणि तवा. पाहुणा आला म्हणजे काय करशील, असे त्या म्हणतील. पाहुणे येत नाहीत.

मला नागपूरला परत आणायचा बेत पक्का केला आहे, कळेलच लवकर, असे तुम्ही लिहिले आहे. ते वाचून मला आनंद होण्याऐवजी धास्तीच वाटली. दादा, नका करू. कोण मुंबई राज्यात राहणार आणि कोण इकडे येणार याची शेवटची यादी अजून व्हायची आहे, अर्ज-हरकती घेताहेत, हे खरे. पण तुम्ही या वयात माझ्यासाठी कोणाकोणाचे उंबरठे झिजवणार? सरकारने टाकले तिथे माणूस राहतो.

आणि काशिनाथपंतांशी बोलणे सुरू केलेत का? यादीचे काम त्यांच्या टेबलावर होते, त्यांनी मनात आणले असते तर माझे नाव वाचवता आले असते, मुद्दाम वाचवले नाही, हा तुमचा राग. वीस वर्षे तुम्ही दोघे रोज संध्याकाळी अंबाझरीपर्यंत पायी जात होतात. त्यांचा दोष नाही हे मी दर पत्रात लिहिते आणि दर उत्तरात तुम्ही तेवढी ओळ गाळता.

मुलांना आशीर्वाद.

तुमची,
प्रभा


भोपाळ
रविवार, ९ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

या महिन्यात तुमची दोन पत्रे आली आणि माझे एकही गेले नाही. काम फार होते. काम फार आहे असे सांगणाऱ्या कारकुनावर तुम्ही विश्वास ठेवत नाही हे मला ठाऊक आहे, पण या वेळी ठेवा.

आमच्या शाखेचे सुपरिंटेंडेंट गोपीनाथ सक्सेना यांच्याबद्दल तुम्हाला कधी नीट लिहिले नाही. जुन्या भोपाळ संस्थानातले गृहस्थ, पन्नाशी उलटलेली, थंडीत शेरवानी घालतात. आलेल्या कागदावर ते त्या दिवशी कधीच काही लिहीत नाहीत. वाचतात, घडी करतात, खणात ठेवतात. मी नवी होते तेव्हा सकाळच्या टपालावर दुपारी टिपणे करून त्यांच्यापुढे नेली, तर चष्मा काढून म्हणाले, “बहनजी, काग़ज़ को एक रात सोने दीजिए। सुबह तक उसका भी मिज़ाज बदल जाता है और आपका भी।” आळसाला शेरवानी घातली की त्याला तहज़ीब म्हणतात, असे मी तेव्हा मनात म्हटले.

मग एका चौकीदाराचा कागद आला. वीस दिवस गैरहजर, रजेचा अर्ज नाही. मी त्याच दिवशी नियम दाखवून, त्याला कमी करावे असे टिपण लिहिले. अक्षर इतके चांगले आले होते की तुम्हीही पाठ थोपटली असती. गोपीनाथजींनी ते खणात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीदाराचा मेव्हणा आला, बैरागढच्या पलीकडून चालत. चौकीदाराला देवी आल्या होत्या, घरात लिहिता येणारे कोणी नव्हते. आपल्या मंत्राने एका माणसाची भाकरी गेली असती, दादा. तेव्हापासून काही कागदांना मी एक रात्र देते.

जुन्या संस्थानच्या फायली उर्दूत आहेत. नागपूरच्या कोणालाही त्या वाचता येत नाहीत, आणि वाचता येत नाही म्हणून कोणी उघडत नाही, नुसत्या बस्त्यात बांधून ठेवल्या आहेत. मी गोपीनाथजींना म्हटले, मला शिकवा. जेवणाच्या सुटीतला अर्धा तास ते देतात. संध्याकाळी घरी येऊन मी पाटीवर गिरवते. पाटी तीच, तुम्ही दिलेली. उजवीकडून डावीकडे लिहायचे, त्यामुळे हात अडखळतो आणि पुसलेलेच बरे दिसते. गेल्या आठवड्यात मी एका विहिरीच्या वादाचा कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. चाळीस वर्षांपूर्वीचे भांडण. मला इतका आनंद झाला की मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

एकटेपणा फार जाणवतो, हे वेगळे लिहायला नको.

आणखी एक गोष्ट, सहज लिहिते. दिवाळीपासून शाखेतले सगळे मराठी कागद माझ्याकडे येतात. आपल्या जुन्या सेक्रेटेरियटमध्ये मराठी अर्ज कोणीही वाचत असे. इथे कारभार हिंदीत, तेव्हा नागपूर-वऱ्हाडाकडून मराठीत काही आले की ते आधी माझ्या टेबलावर, मी त्याचा हिंदी गोषवारा करून वर पाठवायचा. हे तुम्हाला पूर्वी लिहिले होते का, आठवत नाही. लिहायला हवे होते.

वहिनींना नमस्कार. त्यांनी पाठवलेले मेतकूट पुरवून खाते आहे.

तुमची,
प्रभा


(पोस्टकार्ड)
भोपाळ, १३ फेब्रुवारी

ती. दादांस सा. न.
तुमची तार मिळाली. मी आजारी नाही. कोणी काही बोललेले नाही. तुम्ही निघू नका. रविवारी सविस्तर लिहिते.
प्रभा


भोपाळ
रविवार, १६ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र शुक्रवारी एकदा लिहिले. काल सकाळी वाचले आणि फाडले, कारण त्यात मी स्वतःची बाजू फार छान मांडली होती. आज परत लिहायला बसले आहे.

तुमचा अर्ज पोचला. तीन तारखेला, सोमवारी, सकाळच्या टपालात, माझ्याच टेबलावर. पाकीट फोडून कागद उलगडला आणि वरचा ‘श्री’ बघूनच ओळखले. तो तसा वळणदार ‘श्री’ नागपुरात एकच माणूस काढतो. तुम्ही मराठीत लिहिलेत, कारण आपल्या भाषेत लिहायचा हक्क आपण भांडून घेतला आहे असे तुम्ही नेहमी म्हणता. इंग्रजीत लिहिला असता तर तो दुसऱ्या टेबलावर गेला असता आणि मला कळण्याआधी हुकूम निघाला असता. तुमच्या मराठीने मला वाचवले म्हणायचे.

अर्ज माझ्या नावाने आहे. “अर्जदार ही विधवा असून परमुलखात एकाकी व दुःखी आयुष्य कंठीत आहे, सबब तिची नेमणूक नागपूर येथे तिच्या वडील बंधूंच्या छत्राखाली व्हावी.” या वाक्याचा मला हिंदी गोषवारा करायचा होता. रजिस्टरात ‘विषय’ असा रकाना असतो, त्यात मला माझे एकाकी आयुष्य भरायचे होते. मी टाक उचलला आणि खाली ठेवला. मग कागद खणात घातला आणि खणाला कुलूप लावले.

बारा वर्षांच्या नोकरीत माझ्या खणात कागद एका रात्रीपलीकडे राहिला नव्हता. हा अकरा रात्री राहिला. तुमची तार आली तेव्हा तो आत होता आणि किल्ली माझ्या पदराला होती.

कारण सांगते. खाली माझी सही आहे. ती मी केलेली नाही, आणि हुबेहूब माझी आहे. तशी ती असणारच. सासरहून पांढरे कपाळ घेऊन आले तेव्हा तुम्ही मला कोपऱ्यात बसू दिले नाही, पाटी हातात दिली आणि हात धरून अक्षर गिरवून घेतले. माझी सही मुळात तुमच्याच हातची आहे. पण सरकारला हे कसे सांगायचे? सही माझी नाही म्हटले तर खोटी सही केली म्हणून तुमच्यावर चौकशी, पेन्शनीला दोन वर्षे राहिली असताना. सही माझी म्हटले तर एप्रिलात मी धंतोलीत तुमच्या घरी. अकरा दिवस मी या दोहोंमध्ये बसले होते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिते. दादा, मला सरकारने भोपाळला टाकले नाही. छप्पनच्या ऑक्टोबरात आम्हाला फॉर्म वाटला होता. कुठे राहण्याची इच्छा आहे, असा रकाना होता. मी त्यात ‘भोपाळ’ लिहिले. कोणी हात धरला नव्हता. काशिनाथपंतांनी तो फॉर्म दुपारी माझ्या टेबलावर परत आणून ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “प्रभे, हे चुकून लिहिलंस का? नीळकंठला विचारलंस?” मी म्हणाले, “चुकून नाही लिहिलं. आणि दादांना सांगू नका, शब्द द्या.” त्यांनी शब्द दिला.

पुढे यादी लागली. तुम्ही त्यांच्या दारात उभे राहून, चारचौघांसमोर, मित्राने केसाने गळा कापला असे म्हणालात. त्यांनी शब्द पाळला, दाराची कडी धरून नुसते उभे राहिले. हे मला त्यांच्या मुलीने सांगितले. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. वाढायला मीच होते, दादा. एका वाक्याचे काम होते आणि मी बोलले नाही. स्टेशनवर तुम्ही डोळे पुसलेत तेव्हाही बोलले नाही. सरकारने नेले असे तुम्हाला वाटते तोवर मी बिचारी होते. मी आपण होऊन चालले आहे हे कळले असते तर मी कोण झाले असते, ते मला तेव्हा बघवत नव्हते. तुमची वीस वर्षांची सोबत मी माझ्या सोयीसाठी मोडली. याची मला लाज वाटते, आणि ती सव्वा वर्ष रोज वाटली आहे.

तुमच्या घरात मला काय कमी होते, असे तुम्ही विचाराल. काही नाही. वहिनी मला कधी टोचून बोलल्या नाहीत. मुले माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. दोन खोल्यांत आठ माणसे होतो आणि कोणी कोणाला जड झाले नाही. पण त्या बारा वर्षांत एकदाही असे झाले नाही की मी बसले आहे आणि कोणाला काही नको आहे. ऑफिसात मात्र माझे टेबल होते. तीन फूट लांब, दोन फूट रुंद. त्यावर मी ठेवीन तेच असायचे. सकाळी सगळ्यांच्या आधी मी तिथे जाऊन बसत असे, आणि तुम्ही कौतुकाने सांगायचात, आमची प्रभा फार कामसू. कामसू मी आहेच, पण लवकर जायचे कारण ते टेबल होते. मला त्या टेबलासारखे घर हवे होते. तुमच्याजवळ मागायला जीभ उचलली नसती, आणि तेवढ्यात सरकारने रकाना पुढे केला.

तर आता ऐका मी कशी राहते. साडेपाचला ऑफिस सुटते. पाऊण तास चालत येते. कुलूप उघडते, आतून कोणी ‘कोण?’ म्हणून विचारत नाही. खुर्ची खिडकीशी ओढून दहा मिनिटे काहीही न करता बसते. मग पाटी. मग स्वयंपाक. वहिनी निघताना म्हणाल्या होत्या, “एकटं माणूस जेवत नाही, उरकते.” त्यांना सांगा, मी उरकत नाही. पाट मांडते, ताटात मीठ-लिंबू वाढते आणि बसून जेवते. नलिनीबाईंना डोकेदुखी सांगते ती खोटी आहे, ते एक मला त्यांनाही सांगून टाकायचे आहे.

सगळेच गोड आहे असे नाही. गेल्या श्रावणात मला चार दिवस ताप होता. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर होता आणि तो उचलून देणारे कोणी नव्हते. तेव्हा मी तुमचे आणि वहिनींचे नाव घेऊन रडले. बरी झाल्यावर पहिले काम काय केले असेल, तर खाट माठाजवळ सरकवली. परत यावेसे मात्र वाटले नाही. यावरून मला कळले की मी खरेच इथे राहायला आले आहे.

दादा, मी सुखात आहे. ही चार शब्दांची ओळ लिहायला मला सव्वा वर्ष लागले. तुम्ही अर्जात ‘दुःखी’ लिहिलेत त्यात तुमची चूक नाही, मीच तुम्हाला पत्रातून दुःख पुरवत आले. तुम्हाला ते हवे असते असे मला वाटायचे. प्रभा तिकडे आनंदात आहे हे ऐकले तर आपण एवढी वर्षे तिला कमी पडलो असे तुमच्या मनात येईल, ही भीती होती. तुम्ही कमी पडला नाहीत. एकटीने राहता येईल एवढे मला तुम्हीच शिकवलेत, नाहीतर मी अजून त्या कोपऱ्यात असते.

शुक्रवारी काय केले ते सांगते. खण उघडला. अर्ज रजिस्टरात चढवला, तारीख खरी घातली, तीन फेब्रुवारी, आणि शेऱ्यात लिहिले, ‘लिपिकाकडे अकरा दिवस राहिला’. तुमच्या वाक्याचा हिंदी गोषवारा केला, एक शब्द वगळला नाही, ‘दुःखी’सुद्धा. मग खाली माझा स्वतःचा अर्ज जोडला: वरील अर्ज मी मागे घेते, भोपाळ हा पर्याय मी १९५६ साली स्वेच्छेने दिला होता व आजही तोच आहे. दोन्ही कागद घेऊन मी गोपीनाथजींपुढे उभी राहिले.

त्यांनी दोन्ही वाचले. दोन्ही सह्या बोटांनी शेजारी-शेजारी धरल्या. बराच वेळ बघितल्या. मग म्हणाले, “दोनों दस्तख़त आपके हैं?”

मी म्हणाले, “जी, दोनों मेरे हैं।”

“सोच लीजिए।”

“सोच लिया। दोनों मेरे हैं।”

त्यांनी आपली सही केली. त्यांनी त्या दिवशीच कागदावर काही लिहिलेले मी पहिल्यांदा पाहिले. आणि फाइल परत देताना म्हणाले, “एक रात कहा था, बहनजी। ग्यारह नहीं।” या उशिराबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे. तो मी देईन.

तेव्हा ती सही आता माझी आहे. ती मी केली नव्हती हे तुम्हाला आणि मला ठाऊक, आणि तिसऱ्या कोणाला मी सांगणार नाही. बारा वर्षांत मी सरकारदरबारी बोललेले हे पहिले खोटे आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. पण पुन्हा माझ्या नावाने काही लिहू नका, दादा. चांगलेही लिहू नका.

आता दोन मागण्या आहेत. एक, काशिनाथपंतांकडे जा. त्यांनाही मी आज पत्र टाकते आहे आणि दिलेल्या शब्दातून मोकळे करते आहे, तरी तुम्ही आधी जा. दुसरे, तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. पण याचे उत्तर त्याच दिवशी लिहू नका. कोपऱ्यात तारीख घाला, आणि या कागदाला एक रात्र झोपू द्या.

तुमची,
प्रभा


भोपाळ
रविवार, ९ मार्च १९५८

तीर्थरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र शुक्रवारी आले. सुरुवातीलाच आहे, ‘तुझे १६ चे पत्र १९ ला पोचले’, आणि वर तुमच्या पत्राची तारीख चार मार्च. तेरा रात्री. मी एक मागितली होती. माझ्या अकरांवरही तुम्ही दोन चढवल्यात.

ते दिवस कसे काढले ते विचारू नका. रोज टपालाची पिशवी रिकामी व्हायची आणि मी बाकीच्यांचे कागद चढवत बसायची. आठव्या दिवशी वाटले, दादांनी मला सोडले. तरी ‘मी येते परत’ असे लिहायला हात गेला नाही. हे तुम्हाला कळावे म्हणून लिहिते, अभिमान म्हणून नाही. तुम्ही कधीच लिहिले नसते तरी मी इथेच राहिले असते आणि आयुष्यभर ते मनाला लागून राहिले असते.

तुम्ही पाऊणच पान लिहिलेत. “तू सुखात आहेस हे वाचून मला वाईट वाटले. आपल्याला वाईट का वाटावे, हे कळायला बारा दिवस लागले.” हे मी पुष्कळ वेळा वाचले. पुढचे काही तुम्ही लिहिले नाहीत ते बरे केलेत. मग काशिनाथपंतांचे. तुम्ही दारात गेलात, त्यांनी ‘बस’ म्हटले, चहा झाला, आणि मग दोघे अंबाझरीपर्यंत जाऊन आलात, जाताना-येताना कोणी काही बोलले नाही. आणि घराच्या वळणावर ते म्हणाले, “पोरगी कशी राहून राहिली, एकदा पाहून येऊ.” सव्वा वर्षानंतरचे हे पहिले वाक्य. ते वाचून मला रडू आले, आणि या वेळी मी खुशाल रडले, ओट्याचे दार उघडे टाकून. नलिनीबाईंनी भिंतीवर थाप मारली. मी जाऊन त्यांना डोकेदुखीचे खरे सांगितले. काल दिवसभर त्या बोलल्या नाहीत. आज सकाळी परत थाप आली, “आज खरंच दुखून राहिलं का, की खोटंच?” खोटेच म्हटले, तर ‘बरं’ म्हणाल्या.

पत्रात वहिनींची ओळ नाही. त्यांचा राग रास्त आहे. मी घर सोडून आले म्हणजे त्यांच्या हातचे सोडून आले. त्यांना घाई करू नका. मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्या नावाने वेगळे पत्र लिहीत राहीन.

इथे राहणाऱ्यांची शेवटची यादी गुरुवारी लागली. एकशे सेहेचाळीसावे नाव माझे, रत्नप्रभा नीळकंठ असे छापले आहे. वडिलांच्या जागी त्यांनी चुकून तुमचे नाव घातले. दुरुस्तीचा अर्ज करा असे सगळे म्हणतात. मी करणार नाही.

रामनवमीला जोडून येता म्हणता, तर दोघेही या. चार दिवस राहा. खाटा देशकर देताहेत, त्या ओट्यावर टाकू. दिवसा मी ऑफिसात असेन, तुमच्यासाठी रजा घेणार नाही. गोपीनाथजींना तुम्हाला भेटायचे आहे. त्यांना मी सांगितले आहे की माझे अक्षर जिथून आले ते गृहस्थ येताहेत, तेव्हा तिथे जपून बोला आणि कशावरही सही करू नका. संध्याकाळचा एक तास माझा पाटीचा. तेवढा वेळ तुम्ही दोघे तळ्याच्या काठाने फिरून या. अंबाझरीहून पुष्कळ मोठे आहे, बोलायला भरपूर वेळ मिळेल.

आणि येताना दोघांनी आपापले ताट घेऊन या. माझ्याकडे एकच आहे. जाताना ती परत न्या.

तुमची,
प्रभा